तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस: कन्फ्यूशियसकडून आजच्या राज्यकर्त्यांनी काय घ्यावं?

सांजपाऊल (धागाकर्ता)

या पावसाळ्यात ‘लुन्यू’ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. कन्फ्यूशियसची बोलणी त्याच्या शिष्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी मागाहून जमवली, ती ही. एकूण २० भाग. त्याची सुटी वाक्यं आयुष्यभर कॅलेंडरवर वाचत आले होते, त्यामुळे मनात एक शांत म्हातारा बसला होता, थोरांचं ऐका एवढंच सांगणारा. वाचत गेले तसा तो म्हातारा मनातून उठून गेला.

इ.स.पूर्व ५५१ मध्ये लू नावाच्या लहानशा राज्यात त्याचा जन्म झाला. आजचा शानतुंग प्रांत, गाव छूफू. लूचा राजा नावाचाच होता, खरी सत्ता तीन सरदार घराण्यांकडे. त्यांत जी घराणं सगळ्यांत मातब्बर. आठ रांगांचा नाच हा सम्राटाचा मान, तो जींनी आपल्या अंगणात करवला. कन्फ्यूशियस म्हणाला, हे खपवून घ्यायचं तर न खपवण्यासारखं उरलं काय? पन्नाशीनंतर तो लू सोडून निघाला, चौदाएक वर्षं राज्याराज्यांतून फिरला. एकाही राजाने त्याच्या हाती धड कारभार दिला नाही. शेवटी जी घराण्याचा तेव्हाचा प्रमुख जी कांगझी याच्याच बोलावण्यावरून तो इ.स.पूर्व ४८४ मध्ये परत आला.

आता बारावा भाग बघा. ज्याने परत बोलावलं, तोच जी कांगझी विचारतो, ‘राज्यात चोर फार झालेत, काय करू?’ आपल्याकडचा सल्लागार काय म्हणाला असता? गस्त वाढवा, कायदा कडक करा. कन्फ्यूशियस म्हणतो, ‘तुमचा स्वतःचा हव्यास नसता, तर बक्षीस देऊ केलं असतं तरी लोकांनी चोरी केली नसती.’ ज्याच्या कृपेवर म्हातारपणी गावात राहायचं, त्याच्या तोंडावर! तोच पुढे विचारतो, वाईट लोकांना मारून टाकून चांगल्यांना वर आणलं तर? उत्तर असं की तुम्ही राज्य चालवताय, तुम्हाला मारायची गरज का पडावी? पुढाऱ्याची वागणूक वाऱ्यासारखी, लोकांची गवतासारखी, वारा वाहील तसं गवत लवतं.

पण मला सगळ्यांत खोल लागलं ते तेराव्या भागातलं. लूचा राजा तिंग विचारतो, राज्य बुडवील असं एकच वाक्य आहे का? कन्फ्यूशियस म्हणतो, एका वाक्यात इतकं बळ कुठून यायचं, पण लोक एक वाक्य बोलतात: ‘राजा होण्यात मला दुसरं सुख नाही, मी बोललेलं कोणी मोडत नाही एवढंच.’ बोललेलं बरोबर असेल आणि कोणी मोडलं नाही, तर उत्तम. चुकीचं असेल आणि तरी कोणी मोडलं नाही, तर राज्य बुडवणारं वाक्य हेच नव्हे का?

मी ३१ वर्षं सरकारी कचेरीत काढली. कोणती ते सांगत नाही, त्याने फरक पडत नाही. एका फाईलवर मी टिपणीत ‘नियमात बसत नाही’ असं लिहिलं होतं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, आणि पान बदलून आणा म्हणाले. मी बदलून आणलं. जुनं पान घरी नेलं, बरेच दिवस कपाटात होतं. तिंग राजाचा प्रसंग वाचताना ते पान आठवलं, आणि राजापेक्षा पान बदलून आणणाऱ्याची लाज जास्त वाटली. झीलू नावाच्या शिष्याने विचारलं होतं, राजाची चाकरी कशी करावी? ‘त्याला फसवू नकोस, पण त्याच्या तोंडावर विरोध कर.’ आजच्या नेत्याला आणि त्याच्याभोवतीच्या माणसांना कन्फ्यूशियसकडून घेण्यासारखं मला हेच वाटतं. तुमचं मत काय?

काळीमाती

लेख मनापासून लिहिलाय, पण मला पटला नाही. वारा आणि गवत ही उपमा तुम्ही कौतुकाने दिलीत. गवताला मत असतं का? त्यात लोकांनी फक्त लवायचं आहे. बायका आणि हलकी माणसं सांभाळायला अवघड, जवळ केली तर डोक्यावर बसतात, दूर ठेवली तर कुरकुरतात, हेही याच लुन्यूत आहे. बापाने मेंढी चोरली तर मुलाने ते झाकावं, यालाच तो सचोटी म्हणतो. घराणेशाहीला याहून सोयीचं तत्त्वज्ञान कुठलं?

आणि मूळ अडचण इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात हान फेई या कायदावादी विचारवंताने सांगून ठेवली आहे. सद्गुणी राजा हजार पिढ्यांत एखादा, अगदी दुष्टही एखादाच. बाकी सगळे मधले. त्या मधल्यांसाठी पक्का कायदा हवा. पुराणकथांतल्या आदर्श याव किंवा शुनच्या तोडीचा राजा येईल म्हणून थांबणं म्हणजे भुकेल्याला आज घरात आहे ते न देता उद्याच्या पंचपक्वान्नांची वाट बघायला लावणं.

तळ्याकाठी

काळीमाती, मेंढीच्या गोष्टीशी सहमत. पण झीगोंग या शिष्याचा प्रश्नही विसरू नका. राज्याला काय लागतं? पुरेसं अन्न, पुरेशी शस्त्रं, लोकांचा विश्वास. एक सोडायचं तर? शस्त्रं. आणखी एक? अन्न. मरण कोणाला चुकलंय, पण विश्वास गेला तर राज्य उभं राहत नाही. यात लोक फक्त गवत नाहीत.

सांजपाऊल

काळीमाती, बायकांबद्दलचं वाक्य मलाही खुपलं आणि मी त्याची सारवासारव करणार नाही. हान फेईचं म्हणणं खरंच जड आहे. पण त्यावर एक गोष्ट सांगते.

तांग घराण्याचा सम्राट ताईझोंग. ६२६ मध्ये राजवाड्याच्या श्वानवू दरवाजाशी त्याने थोरल्या भावाला, म्हणजे युवराजाला, मारलं आणि गादी मिळवली. तेव्हा सद्गुणी राजा वगैरे सोडूनच द्या. त्या मारलेल्या युवराजाच्या पदरी वेई झेंग नावाचा माणूस होता. धाकट्या भावाचा वेळीच बंदोबस्त करा, असं तो युवराजाला सांगत असे. ताईझोंगने त्याला समोर उभं करून विचारलं, आम्हा भावांत तू तेढ का लावलीस? वेई झेंग म्हणाला, युवराजांनी माझं ऐकलं असतं तर आज त्यांच्यावर ही वेळ आली नसती. ताईझोंगने या माणसाला ठेवून घेतलं, आणि चूक दाखवायचं कामच त्याच्याकडे दिलं.

एकदा सम्राटाच्या हातावर नवा, देखणा शिकारी ससाणा बसलेला. दुरून वेई झेंग येताना दिसला. राज्य सोडून पक्ष्यांत रमता, हे ऐकायला नको म्हणून सम्राटाने ससाणा छातीशी, झग्याच्या आत कोंबला. वेई झेंगने ते पाहिलं होतं. तो कामाचं बोलत राहिला, मुद्दाम लांबवत राहिला. तो गेल्यावर सम्राटाने झगा उघडला तर पक्षी गुदमरून मेलेला. सगळ्या चीनचा धनी, आणि एका नोकराच्या धाकाने झग्यात पाखरू लपवून उभा आहे! कन्फ्यूशियसला कसा राजा हवा होता ते मला त्या झग्यावरून समजतं.

दुसऱ्या एका दिवशी दरबारातून तो चिडून घरात आला, ‘त्या खेडवळाला एक दिवस मारूनच टाकतो.’ राणी काही न बोलता आत गेली, सणासमारंभाचा पोशाख घालून अंगणात येऊन उभी राहिली. हे काय, असं विचारल्यावर म्हणाली, राजा शहाणा असतो तिथेच सेवक सरळ बोलतात असं ऐकलंय, वेई झेंग सरळ बोलतो, म्हणून अभिनंदन करायला आले.

काळीमाती

सांजपाऊल, तुमच्याच गोष्टीचा पुढचा भाग माझ्या बाजूने आहे. वेई झेंग ६४३ मध्ये वारला. ताईझोंग रडला, माणसाचा आरसा समोर धरला की आपलं बरं-वाईट कळतं, माझा तो आरसा गेला, म्हणाला. स्वतःच्या हाताने समाधीलेख लिहून दिला. काही महिन्यांत वेई झेंगने शिफारस केलेली माणसं गोत्यात आली, सम्राटाला संशय आला, आणि तीच शिळा त्याने पाडायला लावली. त्याच्या मुलाशी ठरलेलं राजकन्येचं लग्नही मोडलं. ६४५ मध्ये कोरियातल्या कोगुर्योवर स्वारी केली, ती फसली, तेव्हा म्हणाला, वेई झेंग असता तर मला जाऊ दिलं नसतं. मग शिळा पुन्हा उभी केली.

म्हणजे सगळा खेळ एका माणसाच्या मनःस्थितीवर. आज शिळा उभी, उद्या आडवी.

सगळ्यांच्या नशिबी ताईझोंग नसतो. मिंग काळातल्या हाय रुईने जियाजिंग सम्राटाला कडक अर्ज लिहिला, तेव्हा आधी स्वतःची शवपेटी विकत घेतली आणि घरच्यांचा निरोप घेतला. सम्राट ओरडला, पकडा त्याला, पळू देऊ नका. जवळचा खोजा म्हणाला, तो पळणारा नाही, पेटी घेऊन बसलाय. हाय रुई तुरुंगात गेला आणि सम्राट १५६७ मध्ये मेला म्हणून वाचला. या हाय रुईवर वू हान या इतिहासकाराने नाटक लिहिलं. तो बीजिंगचा उपमहापौरही होता. हे नाटक माओवर रोखलंय म्हणून नोव्हेंबर १९६५ मध्ये त्याच्यावर लेखातून हल्ला झाला, आणि सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी तिथेच पडली असं मानतात. वू हान १९६९ मध्ये कैदेत मेला. चारशे वर्षांनी विरोधाची नुसती गोष्ट सांगायलाही शवपेटी लागली.

आणि हेच राज्य २०११ च्या जानेवारीत थ्येनआनमेन चौकाशेजारी कन्फ्यूशियसचा साडेनऊ मीटरचा पुतळा बसवतं, एप्रिलमध्ये गुपचूप हलवतं. सोयीपुरता कन्फ्यूशियस सगळ्यांनाच हवा असतो.

हानकाठ

मी मूळची पुण्याची, नऊ वर्षं सोलमध्ये आहे. हा धागा तीन दिवस वाचतेय. काळीमाती यांचा मुद्दा, ‘सगळं एकाच्या मनःस्थितीवर’, हा कोरियाच्या चोसन राज्यालाही पडलेला होता, आणि त्यांनी कन्फ्यूशियसच्याच नावाने त्यावर खाती उभी केली. इथे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असलेल्या गोष्टी सांगते.

राजाला विरोध करणं हेच ज्याचं काम, असं एक स्वतंत्र खातं होतं, सागानवन. आणि होते दरबारी इतिहासकार. राजाचं बोलणं ते समोर बसून टिपायचे. राजा मेल्यावर त्यांच्या टिपणांवरून त्या कारकिर्दीची बखर तयार व्हायची, आणि ती पुढच्या राजालाही वाचता यायची नाही. हा नियमच या सगळ्याचा कणा आहे.

१४०४ मध्ये राजा तेजोंग हरणामागे घोडा फेकत असताना पडला. लागलं काही नाही. उठला, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, इतिहासकाराला कळू देऊ नका. हे आपल्याला कसं माहीत? राजा पडला हे तर बखरीत आहेच, ‘कळू देऊ नका’ म्हणाला हेही आहे.

त्याचा मुलगा सेजोंग, ज्याने कोरियाला लिपी दिली. १४३१ मध्ये बापाची बखर तयार झाली. त्याला वाचायची होती. मंत्री म्हणाले, तुम्ही वाचलीत तर पुढचे राजेही वाचतील, आणि लिहिणारे भितील. सेजोंगने नाद सोडला. काही वर्षांनी पुन्हा मागितली, पुन्हा नकार, पुन्हा गप्प. काळीमातींनी ताईझोंग सांगितला म्हणून आठवलं: त्यानेही स्वतःची दरबारी नोंद मागितली होती, एकाने नाही म्हटलं, पण शेवटी दुसऱ्याने संक्षेप करून दाखवलीच. सेजोंगला कोणीच दाखवली नाही. दोघेही मोठे राजे. फरक त्यांच्याभोवतीच्या व्यवस्थेत होता.

याच सेजोंगने १४३० मध्ये जमीन महसुलाची नवी पद्धत आणण्याआधी गावोगाव कौल घेतला. बाजूने ९८,६५७, विरुद्ध ७४,१४९. बहुमत मिळालं तरी लगेच लागू केली नाही, कारण विरोध डोंगराळ, नापीक उत्तरेकडचा होता. त्यांच्या जमिनीला सपाट दर परवडणारा नव्हता. चौदा वर्षं घासाघीस चालली. १४४४ मध्ये पद्धत पक्की झाली, तेव्हा जमिनीच्या सहा प्रती आणि पिकाच्या नऊ प्रती पाडून दर ठरले. तुमची उपमा वापरायची तर इथे वारा थांबून गवताला विचारत होता.

मोडणारा राजाही आलाच. १४९८ मध्ये योनसानगुनने इतिहासकाराची कच्ची टिपणं मागवली, त्यांवरून विद्वानांची कत्तल केली. विरोध करणारं खातंच बंद केलं. १५०६ मध्ये त्याच्याच दरबाऱ्यांनी त्याला गादीवरून ओढलं. बखरकारांनी त्याला मेल्यावरही राजाचा मान दिला नाही. ‘गुन’ म्हणजे नुसता राजपुत्र.

तळ्याकाठी

९८,६५७ आणि ७४,१४९! पंधराव्या शतकात! हरलेल्यांची संख्याही शेवटच्या आकड्यापर्यंत लिहून ठेवली, यातच सगळं आलं. कर कमी असो की जास्त, मला विचारलं गेलं आणि माझं ‘नाही’ मोजलं गेलं, हे माणसाला पुरतं.

ओसरी

उशिरा आलो. एक जोड. सिंगापूरचे ली क्वान यू यांची १९९४ मधली, ‘फॉरेन अफेअर्स’ नियतकालिकातली गाजलेली मुलाखत मुंबईत जन्मलेल्या फरीद झकारियांनी घेतली होती. लींचं म्हणणं थोडक्यात असं की पूर्व आशियाची घडण वेगळी, तिथे कुटुंब आणि शिस्त आधी, पाश्चात्त्य लोकशाही जशीच्या तशी बसत नाही. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं कोरियाच्या किम दे-जुंग यांनी. या माणसाला हुकूमशाहीत फाशीची शिक्षा झाली होती. त्यांनी कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्सियस या विचारवंताचा आधार घेतला: राजाने नीट राज्य केलं नाही तर त्याला हटवायचा लोकांना अधिकार आहे, हे आमच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच सांगितलंय. १९९८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. दोघेही एकाच परंपरेचं नाव घेत होते. कोण खरं, ते मला मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने सांगितलं. १३९४ मध्ये त्याने मेन्सियसच्या ग्रंथातले ८५ उतारे कापायला लावले. त्या उताऱ्यांत नुसती शिस्त असती तर कात्री कशाला लागली असती?

काळीमाती

ओसरी, हे ८५ उतारे मला माहीत नव्हते. हानकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं म्हणणं थोडं बदलतो. कन्फ्यूशियसचा सद्गुणी नेता मला आजही भाबडा वाटतो. पण ‘तोंडावर विरोध कर’ हे वाक्य घेऊन कोणी त्याचं खातं बनवत असेल, त्याला पगार, दप्तर आणि राजाला न दिसणारं कपाट देत असेल, तर ते हान फेईलाही मान्य व्हावं. तैवानमध्ये आजही चीनच्या जुन्या, कारभारावर नजर ठेवणाऱ्या परीक्षण खात्याच्या वंशातला ‘नियंत्रण युआन’ (युआन म्हणजे सरकारची शाखा) घटनेत आहे. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन यांनी सत्तेचे तीन नव्हे, पाच भाग मांडले, त्यांतला हा एक.

पण सांजपाऊल, राग मानू नका, तुमचं पान तुम्ही बदलून आणलंत ते तुम्ही भित्र्या होतात म्हणून असं मला वाटत नाही. ते बदललं तरी कुठे नोंद होणार नव्हती, म्हणून बदललं गेलं.

सांजपाऊल

राग कशाला मानू. सकाळपासून त्याच वाक्याशी बसले आहे.

तेव्हा मी एक करू शकले असते. आमच्यातले एक जुने हेडक्लार्क तसं करायचे. वरून तोंडी हुकूम आला की टिपणीत लिहायचे, ‘मा. साहेबांच्या तोंडी आदेशानुसार सादर’, खाली तारीख आणि वेळ. साहेब चिडायचे, पण ते वाक्य खोडायला कोणी धजत नसे, कारण खोडलेलंही दिसलं असतं. त्यांना बढती उशिरा मिळाली. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या टेबलाशी उभं राहायला जागा नव्हती. त्यांनी कन्फ्यूशियस वाचला असेल असं वाटत नाही. तेजोंगचा इतिहासकार मात्र त्यांना लगेच ओळखू आला असता.

हानकाठ, एक विचारायचं होतं. आजच्या सोलमध्ये यातलं काही जिवंत आहे, की फक्त पाठ्यपुस्तकात? आणि त्या बखरी उरल्या कशा? लढाया तर तिथेही झाल्या.

हानकाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःला आठवतंय तेवढं देते. २०१६ च्या हिवाळ्यात राष्ट्राध्यक्षांनी पायउतार व्हावं म्हणून ग्वांगह्वामुन चौकात दर शनिवारी मेणबत्त्या घेऊन लोक जमायचे. थंडी इतकी की कागदी पेल्यातल्या मेणबत्तीवरच हात शेकायचे. चौकाच्या मधोमध सेजोंगचा बसलेला पुतळा, हातात उघडं पुस्तक, आणि त्याच्या पायाशी आजीबाई, शाळकरी पोरं, ऑफिसातून थेट आलेली माणसं. त्या डिसेंबरात इथल्या प्राध्यापकांच्या साप्ताहिकाने वर्षाचं चार अक्षरी वचन निवडलं, ‘राजा नाव, प्रजा पाणी’. कन्फ्यूशियसच्याच परंपरेतल्या शुनझी या विचारवंताचं आहे: पाणी नाव तोलतं, पाणीच उलटवतं. वेई झेंगनेही हेच ताईझोंगला लिहून पाठवलं होतं. १० मार्च २०१७ ला घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना पदावरून काढलं. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा खासदार संसदेची भिंत चढून आत गेले आणि मतदान करून तो रद्द करवला. त्यांनाही पुढच्या एप्रिलमध्ये जावं लागलं. हे कन्फ्यूशियसमुळे झालं असं मी म्हणणार नाही, घटना आणि कायदा आधुनिकच आहेत. पण राज्यकर्त्याला हटवणं म्हणजे पाप, असं इथे कोणाच्या मनात नाही, आणि ते कुठून आलं ते ओसरींनी सांगितलंच आहे.

बखरींचं असं. त्यांच्या प्रती चार ठिकाणी ठेवलेल्या होत्या. १५९२ मध्ये जपानी फौजा आल्या आणि तीन ठिकाणच्या जळाल्या. उरली फक्त जोनजूची. त्या भागातल्या दोन विद्वानांनी, आन उई आणि सोन होंग-रोक, घरची माणसं घेऊन शेकडो खंड पेट्यांत भरले आणि नेजांगच्या डोंगरात गुहेशी नेऊन लपवले. आन उई साठी उलटलेले होते. वर्षभराहून जास्त काळ ते तिथे राहिले, आळीपाळीने पहारा केला. पेट्यांत काय लिहिलंय ते राजालाही वाचायची परवानगी नव्हती. आणि त्या डोंगरातही त्यांनी एक वही ठेवली: कोणत्या दिवशी दोघे पहाऱ्यावर होते, कोणत्या दिवशी एकटा कोण होता.